गिरवलीतली रात्रपाळी

दुपारी १२

निरीक्षणाच्या आठवड्यात माझी सकाळ दुपारी होते. चैत्रातलं ऊन बाराच्या सुमाराला इतकं तापतं की झोप अर्धवट राहिली तरी अंथरुणात पडून राहवत नाही. चहाच्याही आधी मी बाहेर येऊन पश्चिमेकडे बघते. सह्याद्रीच्या कड्यावर पांढरे पुंजके जमायला लागले असतील तर रात्रीचं काय होणार ते तेव्हाच कळतं. आज ढग नाहीत, पण आकाश मळकट आहे. मार्च-एप्रिलमध्ये या डोंगरांवर कुठे ना कुठे वणवा पेटलेला असतोच आणि त्याचा धूर दिवसभर खोऱ्यात रेंगाळतो. निळा प्रकाश तो आधी खातो. माझं बरंचसं काम तांबड्या बाजूला आहे, त्यामुळे मी कुरकुर करत नाही.

आयुका या खगोलशास्त्र संस्थेची ही वेधशाळा पुण्यापासून साधारण ८० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर उंचीवर आहे. २००६ मध्ये सुरू झाली. आरसा २ मीटर व्यासाचा. आठ-दहा मीटरच्या दुर्बिणींच्या काळात एवढ्याशा आरशाने काय होणार, असं पाहुणे विचारतात. माझ्या ताऱ्यासाठी प्रश्न उलटा आहे. मोठी दुर्बीण मला वर्षातून एखादी रात्र देईल. मला एकाच ताऱ्याचा वर्णपट पुन्हा पुन्हा हवा आहे, कारण त्याच्या एका वर्णपटाला एकट्याने फारशी किंमत नसते.

दुपारी २:३०

तारा म्हणजे एसएस ४३३. गरुड तारकासमूहात, श्रवण नक्षत्राच्या योगताऱ्यापासून फार लांब नाही. डोळ्यांना दिसत नाही. तेज चौदाव्या प्रतीच्या आसपास. अंतर सुमारे १८,००० प्रकाशवर्षं. हा जोडतारा आहे: एक फुगलेला, भरपूर वस्तुमानाचा तारा आणि त्याच्याभोवती १३.०८ दिवसांत फेरी मारणारा एक घट्ट, न दिसणारा सोबती. तो कृष्णविवर असावा असं बहुतेकांचं मत आहे. मोठ्या ताऱ्याचा वायू सोबत्याभोवतीच्या तबकडीत ओतला जातो, वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाच्या दहा हजाराव्या भागाइतका. एवढं गिळणं कुणालाच झेपणारं नाही. त्यातला काही भाग तबकडीच्या दोन्ही बाजूंनी, समोरासमोरच्या दिशांना, दोन बारीक झोतांच्या रूपाने बाहेर फेकला जातो. वेग प्रकाशाच्या ०.२६ पट, म्हणजे सेकंदाला ७८,००० किलोमीटर.

दुपारचं काम म्हणजे आज रात्री रेषा कुठे सापडतील ते काढणं. झोतांमध्ये हायड्रोजन आहे आणि हायड्रोजनची एच-आल्फा रेषा स्थिर असताना ६५६३ अँगस्ट्रॉमवर असते. येणाऱ्या झोतातली रेषा निळ्याकडे सरकते, जाणाऱ्या झोतातली तांबड्याकडे. शिवाय झोतांचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो. एका डुलण्याला सुमारे १६२ दिवस लागतात आणि अक्ष साधारण २० अंशांचा शंकू रेखतो. त्यामुळे तांबडी रेषा कधी ७७०० पर्यंत जाते, तर निळी कधी ५८९० पर्यंत उतरते. त्यावर सहा दिवसांची आणखी एक बारीक थरथर असते. हे सगळं एका सूत्रात बसतं. तारीख घातली की दोन आकडे बाहेर येतात. माझा विद्यार्थी ते पायथनमध्ये दोन सेकंदांत काढतो. मी कागदावर काढते आणि मग ताडून बघते. त्याला हे हास्यास्पद वाटतं हे मला ठाऊक आहे, पण मुकाट बसतो बिचारा.

आजचे आकडे: तांबडी ७४१५, निळी ६१८०. मी ते फळ्यावर लिहिते.

दुपारी ४:३०

डिटेक्टरच्या भांड्यात द्रव नायट्रोजन भरून झाला. मग अंधारातल्या चौकटी, पांढऱ्या दिव्याच्या चौकटी, हीलियम-निऑनच्या दिव्याचा वर्णपट. कंटाळवाणं, आवश्यक, आणि सांगण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी ६:५०

सूर्य टेकला. दुर्बीण चालवणारे दादा घुमट उघडतात आणि अर्धा तास काही न करता तसाच ठेवतात, म्हणजे आतली गरम हवा निघून जाते. या वेळात मी आणि विद्यार्थी कठड्याजवळ उभे राहतो. पूर्वेला नारायणगावकडचे दिवे लागतात. त्याच बाजूला खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या थाळ्या आहेत, ४५ मीटरच्या तीस. २००२ मध्ये त्या थाळ्यांनी, माउंट अबूच्या अवरक्त दुर्बिणीने आणि अवकाशातल्या क्ष-किरण उपग्रहाने मिळून याच ताऱ्याकडे एकाच वेळी पाहिलं होतं आणि काही मिनिटांच्या पातळीवरचे चढउतार पकडले होते. विद्यार्थी तेव्हा बालवाडीत असावा.

रात्री ८

जेवण. मावशींनी मासवडी केली आहे. निरीक्षणाच्या रात्री मासवडी खाऊ नये, झोप येते. दोन वेळा रस्सा घेतला.

रात्री ९ ते १२

रात्रीचा पहिला भाग दुसऱ्या गटाचा. त्यांच्या दीर्घिका पूर्वेकडून वर येताहेत, माझा तारा अजून क्षितिजाखाली आहे. मी मागच्या खुर्चीत बसून जुने वर्णपट उलगडते.

साडेनऊला दादा दार ढकलून आत येतात. "मॅडम, खालच्या गावात जत्रा आहे. शार्पी लावलेत."

बाहेर जाऊन बघितलं तर खरंच, तीन-चार पांढरे दांडे आकाशात इकडून तिकडे फिरताहेत. ढोल-ताशाचा आवाज वाऱ्यावर मधेच येतो, मधेच जातो. चैत्रात या पट्ट्यात गावोगाव जत्रा असतात, बैलगाडा शर्यती असतात. वर्षभर राबणाऱ्या माणसांनी वर्षातून एकदा दिवे लावले तर त्यांना काय सांगायचं? त्या दुसऱ्या गटातल्या मुलीचा चेहरा मात्र उतरला.

"बाराला बंद होतात बघा," दादा तिला धीर देतात. "पोलीस पाटील आमच्या भावकीतले आहेत."

बाराला पाच कमी असताना दांडे गेले. भावकीचा परिणाम की परवानगीची वेळ संपली, हे विचारलं नाही.

रात्री १२:१०

आता गरुड उगवतो आहे. आधी माझा तारा, मग अर्ध्या तासाने श्रवण. पण क्षितिजालगत वातावरणाचा थर जाड असतो, त्यात धूर. तारा तीस अंश वर येईपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे सव्वादोनपर्यंत. या दोन तासांत झोपलं तर उठवत नाही. म्हणून गप्पा.

विद्यार्थी नवा आहे, त्याला या ताऱ्याची गोष्ट तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. मी त्याला पहिल्यापासून सांगते. ब्रूस स्टीफन्सन आणि निकोलस सँडुलीक या दोघांनी १९७७ मध्ये हायड्रोजनची ठळक उत्सर्जन रेषा दाखवणाऱ्या ताऱ्यांची एक यादी छापली. त्यांच्या आडनावांची आद्याक्षरं आणि यादीतला क्रमांक, एवढंच या ताऱ्याचं नाव. यादीत शेकडो तारे होते; हा त्यातला एक. पुढच्या वर्षी डेव्हिड क्लार्क आणि पॉल मर्डिन हे ऑस्ट्रेलियातल्या अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बिणीवर होते. डब्ल्यू ५० या जुन्या महास्फोटाच्या अवशेषाच्या मध्यभागी रेडिओ आणि क्ष-किरणांचा उगम कुठे आहे ते शोधताना त्यांनी याचा वर्णपट घेतला. रेषा ठळक होत्या. काही रेषा मात्र कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेनात.

मग अमेरिकेत ब्रूस मार्गन यांनी त्याच ताऱ्याचे वर्णपट रात्रीमागून रात्री घेतले आणि कळलं की त्या अनोळखी रेषा जागा बदलतात. रोज. आपल्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांचे वेग सेकंदाला काही शे किलोमीटरपर्यंत असतात. या रेषा हजारोंनी सरकत होत्या, तेही एक तांबड्याकडे, दुसरी निळ्याकडे. एकच वस्तू एकाच वेळी येते आणि जाते असा हा प्रकार. १९७९ मध्ये अँड्र्यू फेबियन आणि मार्टिन रीस यांनी दोन उलट दिशांचे झोत सुचवले, मोर्डेहाय मिलग्रोम यांनी अक्ष फिरतो असं मांडलं, आणि जॉर्ज एबेल व मार्गन यांनी ते सूत्र बसवलं, जे मी आज दुपारी कागदावर वापरलं.

"म्हणजे सगळं तेव्हाच सुटलं," विद्यार्थी म्हणतो.

भूमिती सुटली. तीच तर अडचण आहे. सूत्र इतकं चांगलं बसलं की पुष्कळ जणांना वाटलं, झालं आता. पण सूत्र झोत कुठे वळेल ते सांगतं, झोत ०.२६ पटीनेच का सुटतो, ०.२ किंवा ०.५ ने का नाही, त्याबद्दल ते गप्प आहे. तबकडीतला वायू प्रकाशाच्या दाबाने रेटला जाऊन ठरावीक वेगाला अडकतो अशी एक कल्पना सुरुवातीलाच आली होती. त्या गणितातून ०.२८ निघतं. जवळ आहे, पण ते नाही. माझ्या मते या ताऱ्यातलं खरं कुतूहल सूत्रापासूनच्या त्या थोड्याथोड्या चुकण्यात आहे. आकडे फळ्यावर लिहिते ते रेषा त्यांच्यावर बसावी म्हणून नाही, किती हुकली ते कळावं म्हणून.

आणखी एक गोष्ट त्याला सांगते. बहुतेक झोतांचा वर्णपट सपाट असतो, रेषाच नसतात. क्वेझारच्या झोताकडे किती का बघा, वेग थेट वाचता येत नाही. इथे झोतात साधे अणू आहेत. मुळाशी तो वायू कोट्यवधी अंश तापलेला असतो आणि क्ष-किरणांत लोखंडाच्या सरकलेल्या रेषा दिसतात. तिथून दीड-दोन दिवसांच्या वाटेवर तो निवतो आणि मग हायड्रोजन आपल्याला दिसेल असा उजळतो. तो अखंड धारेसारखाही नसतो. गोळ्या सुटाव्यात तसा तुकड्यातुकड्यांनी येतो. म्हणून रेषा सरकत जाते असं आपण म्हणतो ते पुरतं खरं नाही: एक रेषा एका जागी उजळते, दोनेक दिवसांत मावळते आणि तिच्या शेजारी, थोड्या सरकलेल्या जागी, पुढची उगवते.

रात्री २:१५

"तीस अंश," दादा म्हणतात. "घेऊ का?"

"घ्या."

दुर्बीण वळते, घुमट कुरकुरत तिच्यामागे जातो. पडद्यावर ताऱ्यांचा तुकडा येतो. गरुडाचा हा भाग आकाशगंगेच्या पट्ट्यात, त्यामुळे गर्दी. वाटेतल्या धुळीने हा तारा बराच मंद आणि लालसर झालेला आहे, निळ्या प्रकाशात तर फारच. नवखा माणूस हमखास शेजारचा तारा पकडतो. मी छापील नकाशा पडद्याशेजारी धरून दाखवते: हा त्रिकोण, त्याच्या खालचा. दादा तो फटीवर आणतात. फट म्हणजे धातूच्या पट्टीतली केसभर चीर. ताऱ्याचा प्रकाश तीतून आत जातो आणि काचेच्या जाळीवर पसरतो.

वीस मिनिटांची पहिली चौकट सुरू. वाऱ्याचा जोर वाढला आहे, तारा फटीवरून हलतोय. "दादा, घुमटाची झडप अर्धी वर घ्या ना." ते घेतात. प्रतिमा शांत होते.

पहाटे २:४५

पहिली चौकट. काळ्या पडद्यावर आडवी एक बारीक पांढरी रेघ, तो तारा. तिला छेदणाऱ्या उभ्या रेघा आकाशाच्या. मध्यावर एक जाड चमकदार ठिपका, ती न हलणारी एच-आल्फा, तबकडीच्या वाऱ्यातून येणारी. झोतांच्या रेषा अशा कच्च्या चौकटीत नीट दिसत नाहीत, पण नजर बसली की उजवीकडे रेघ थोडी फुगलेली जाणवते. विद्यार्थ्याला जाणवत नाही. त्याने अजून पुरेशा पाहिलेल्या नाहीत.

दुसरी चौकट लावून पहिलीचं झटपट गणित करतो: पार्श्वभूमी वजा, दिव्याच्या वर्णपटावरून तरंगलांबी बसवायची, आलेख काढायचा.

पहाटे ३:२०

आलेख आला. आता हे काम सावकाश करायचं.

वातावरणाच्या खाचा आधी ओळखून बाजूला ठेवायच्या. ६८६७ ला प्राणवायूची एक, ७६०० ला त्याचीच दुसरी, खोल. मधे ७१६० ते ७३४० पाण्याच्या वाफेचा खडबडीत पट्टा. यांतल्या कुठल्याही खाचेच्या काठाला रेषा म्हणणं सोपं असतं. झोताची तांबडी रेषा ७६०० वर आली की आम्ही आठवडाभर नुसते कपाळाला हात लावून बसतो. आज ती त्या पट्ट्याच्या जरा पलीकडे आहे. फळ्यावर ७४१५ लिहिलं होतं. रेषा ७३९४ वर आहे.

निळी? ६१८० ऐवजी ६२०१.

विद्यार्थी हिरमुसतो. "दोन्ही वीस-वीसने चुकल्या. कॅलिब्रेशन गंडलंय का?"

कॅलिब्रेशन गंडलं असतं तर दोन्ही एकाच दिशेला सरकल्या असत्या. एक अलीकडे आली, दुसरी पलीकडे गेली. मी त्याला भागाकार करायला सांगते. ७३९४ भागिले ६५६३, वजा १: अधिक ०.१२७. ६२०१ भागिले ६५६३, वजा १: उणे ०.०५५. दोघांची बेरीज निम्मी करायची. ०.०३६.

हा आकडा आजचा नाही. दोन महिन्यांपूर्वीच्या वर्णपटातही तो जवळजवळ हाच होता, जेव्हा रेषा पार दुसरीकडे होत्या. दोन झोत समोरासमोर आहेत, त्यामुळे येण्या-जाण्याचा भाग बेरजेत एकमेकांना खाऊन टाकतो. उरतं ते फक्त काळाचं मंदावणं. इतक्या वेगाने जाणाऱ्या अणूचं घड्याळ आपल्याला संथ दिसतं, त्याचा प्रकाश तेवढा तांबडा होतो, मग तो कुठल्याही दिशेला जात असो. म्हणूनच झोत अगदी आडवे असतात, येतही नाहीत आणि जातही नाहीत, तेव्हाही रेषा ६५६३ वर येत नाहीत. ६७९७ च्या आसपास एकमेकींना ओलांडतात. आइन्स्टाइनची ही गोष्ट सिद्ध करायला पुस्तकात विमानातली घड्याळं वगैरे येतात. इथे ती एका आलेखावर, २३४ अँगस्ट्रॉमच्या रुंदीची, पट्टीने मोजता येण्याजोगी आहे.

बेरजेतून वेग मिळतो: ०.०३६ वरून गणित केलं की ०.२६. वजाबाकीतून दिशा मिळते. बेरीज तीच राहिली आणि वजाबाकी बदलली, म्हणजे आज झोताचा वेग बदललेला नाही, तो सूत्रापेक्षा सुमारे पाऊण अंश बाजूला वळला आहे. कधीकधी बेरीजसुद्धा हलते. तेव्हा गोळ्याच कमी-जास्त वेगाने सुटलेल्या असतात. दोन्ही चुकांची कारणं निराळी, म्हणून त्या वेगळ्या करता येणं महत्त्वाचं.

"आणि हे काय?" विद्यार्थी निळ्या रेषेच्या डाव्या उतारावर बोट ठेवतो. तिथे लहानसा खांदा आहे. ६१८० च्या जवळ.

आता मी खुर्ची पुढे ओढते.

पहाटे ४:०५

दुसऱ्या चौकटीतही खांदा आहे. तिसरीतही. वैश्विक किरणाचा ठिपका असता तर एकाच चौकटीत दिसला असता. नवी गोळी उजळायला लागली असेल, तर तिची तांबडी जोडीदारीण ७४१५ च्या जवळ हवी. बेरीज निम्मी केल्यावर पुन्हा ०.०३६ यायला हवं. तिन्ही चौकटी एकत्र करून तिथे बघतो. काही नाही. गोंगाटाच्या वर काहीच नाही.

"मग खोटं," तो म्हणतो.

लगेच नाही. जाणारा झोत आपल्यापासून पलीकडे आहे. तिथून निघालेल्या प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला अलीकडच्यापेक्षा काही तास जास्त लागतात. दोन्ही बाजूंना गोळ्या एकाच क्षणी उजळल्या तरी आपल्याला निळी आधी दिसणार, तांबडी मागून. तेव्हा आज निळ्या बाजूला खांदा आणि तांबड्या बाजूला सपाट, हे नव्या गोळीचंच लक्षण असू शकतं. किंवा खांदा म्हणजे दुसऱ्याच कुठल्या क्षीण रेषेचा उंचवटा. आज ठरणार नाही. मी वहीत दोन्ही शक्यता लिहिते आणि पहिलीसमोर प्रश्नचिन्ह टाकते. त्याने दुसरीसमोरही टाकलं.

उरलेल्या वेळात जाळी बदलून निळ्या बाजूची एक चौकट घेतो. हायड्रोजनच्याच एच-बीटाच्या सरकलेल्या रेषा तिथे असतात: आजच्या हिशोबाने ४५९३ आणि ५४७७. धुळीने आणि वणव्याच्या धुराने तो प्रकाश फार क्षीण झाला आहे. पाच हजारांच्या वरची कशीबशी दिसते, खालची नाही. खांद्याचा निकाल इथून लागत नाही.

पहाटे ४:५०

आकाशाची पार्श्वभूमी वाढायला लागली. शेवटची दोन कामं: ज्याचं तेज नीट माहीत आहे असा एक प्रमाण तारा आणि पुन्हा एकदा हीलियम-निऑनचा दिवा. नवे लोक शेवटचा दिवा टाळतात, दमलेले असतात. दुर्बीण रात्रभर झुकत आली आहे, त्याबरोबर उपकरणही किंचित वाकलं आहे. संध्याकाळच्या दिव्यावर पहाटेचा तारा मोजला तर एक-दोन अँगस्ट्रॉम सहज इकडे तिकडे. विद्यार्थी न सांगता दिवा लावतो.

सकाळी ५:४५

घुमट बंद. दादा आरशावरचं झाकण लागल्याची खात्री करून येतात आणि चहा ठेवतात. चौकटींच्या दोन प्रती होतात, एक इथल्या संगणकावर, एक पुण्याला.

मी त्या दुसऱ्या गटातल्या मुलीच्या खोलीच्या दाराखालून चिठ्ठी सरकवते. आज रात्री दोन वाजल्यापासून दोन चौकटींपुरता जास्तीचा वेळ मिळाला तर बघ, बदल्यात परवाचा माझा पहिला अर्धा तास तुझा. तिच्या दीर्घिका दोन वाजता पश्चिमेला उतरलेल्या असतील, फार तोटा नाही. मग विद्यार्थी उद्याच्या तारखेचे आकडे काढतो आणि फळ्यावर आजच्या खाली लिहितो. तांबडीच्या शेजारी त्याने एक रिकामा कंस ठेवला आहे.

"मॅडम," दादा कप पुढे करत विचारतात, "आज रात्री पण जत्रा आहे. दुसरा दिवस. कुस्त्या. शार्पीचं काय करायचं?"

"पोलीस पाटलांना फोन लावा," मी म्हणते. "सव्वादोनला चालेल, त्याच्या आधी त्यांचं त्यांनी बघावं."